जावेचं पितळी भगुनं

माझ्या थोरल्या जावेनं मला फसवलं. जमिनीत नाही, पैशात नाही, वांग्यात फसवलं. आणि तेव्हा माझ्या सासूबाई आणि माझे मालक दोघंही तिथंच बसून होते. हे आधीच सांगून टाकते. आमच्या घरात मी ही गोष्ट सुरू केली की अर्ध्यात कुणीतरी म्हणतं, जाऊ दे ना आता, वांगी ती केवढी. ज्यांना असं वाटतं त्यांनी पुढं वाचू नये.

मला फसवणं सोपं नव्हतं. मी चौथीपर्यंत शिकले, पुढचं सगळं अंबडच्या बाजारानं शिकवलं. लग्न होऊन वडीगोद्रीच्या शिवारात आले तेव्हा या घरातली कुणी बाई बाजारात बसत नव्हती. मी बसले. पारड्याखाली चिंचेचा गोळा चिकटवून मापात मारणारे आडते तिथं होते. मी आधी पारडं उलटं करून बघायची, मगच डोक्यावरची टोपली खाली ठेवायची. एस.टी.चा कंडक्टर टोपलीचं लगेज मागायला लागला तेव्हा मी ती मांडीवर घेतली.

"मावशी, लगेज काढा."

"मांडीवर हाय ती. मांडीवरच्या लेकराचं तिकीट घेता का तुम्ही?"

"लेकरू काही बोलून न्हाई राह्यलं."

"गुणाचं हाय. तुमच्यावानी बडबड करत न्हाई."

गाडी हसली आणि लगेज निघालं नाही. पुढं तो मला लांबून बघितलं तरी विचारायचा, लेकराची तब्येत बरी हाय ना. अशी माझी पत होती.

आता वाटणीचं सांगते, कारण सगळी खोट तिथून आहे. दुष्काळ सरला, विहिरीला पुन्हा पाणी आलं, माणसांच्या तोंडात शब्द आले, आणि माझा नि जावेचा आवाज एका चुलीपाशी मावेना. सासूबाईंनी चुली वेगळ्या केल्या. घर तेच, मध्ये तुराट्यांचा कूड घातला. हंडे, तांबे, ताटल्या बराबर वाटल्या. जातं दोघींत ठेवलं. शेवटी दोन गोष्टी उरल्या. एक मोठं पितळी भगुनं, ज्यात सणाला सगळ्या भावकीच्या पुरणाची डाळ शिजायची. डाळीसकट एका बाईनं उचललं तर कमरेत चमक भरायची. आणि दुसरं, विहिरीलगतचं परसू. धुण्याभांड्यांचं, अंघोळीचं सगळं पाणी तिकडं वाहत जायचं, त्यामुळं उन्हाळ्यातही तिथली माती बोटाला चिकटायची. कुडाच्या पलीकडची जागा म्हणजे मुरूम. तिथं एक शेवगा आणि एक बोर, ते पण आपल्या जिवावर उभे.

"एकीनं भगुनं घ्यावं, एकीनं परसू," सासूबाई म्हणाल्या. "धाकटे, तू आधी बोल. न्हाईतर नंतर बोलत बसशील."

"मला माती द्या," मी म्हणाले. "पितळ बाईंना ठेवा."

जावेला मी बाई म्हणायची. तिनं पदरानं भगुनं पुसलं, आत डोकावून बघितलं, जणू त्यात आधीच काहीतरी आहे, आणि घेऊन गेली. मला वाटलं, जिंकले. पितळ उगवत नाही, फुलत नाही, बाजारात नेता येत नाही. मी दुसऱ्याच दिवशी वाफे पाडले.

वर्षभरात माझं परसू बघायला लोक रस्त्यावरून आत यायचे. मेथी, चुका, अंबाडी, गवार, दोडका, कोथिंबीर, लवंगी मिरची. बांधाला करडई, म्हणजे तेल घरचं. तीळ घरचे, जवस घरचं, लसूण घरचा. मीठ आणि गूळ सोडला तर दुकानदाराची पायरी मी चढत नव्हते. आणि मधल्या वाफ्यात वांगी.

ही वांगी माझ्या माहेरची. आईनं सासरी पाठवताना माझ्या पदराच्या गाठीत बी बांधून दिलं होतं. हिरवं अंग, त्यावर पांढऱ्या रेघा, देठाला काटे. तीळ, शेंगदाणे, खोबरं आणि काळा मसाला भरून मंद जाळावर ठेवली तर शिजतात पण फुटत नाहीत. तुराट्यांच्या विस्तवात भाजली तर साल हातानं ओढली की सदऱ्यासारखी उतरते. अंबडला माझी टोपली उतरली की बायका दुसऱ्यांची जांभळी वांगी हातातून परत खाली ठेवायच्या. बी मी कुणाला दिलं नाही. खायला द्यायची तर कोवळी वांगी द्यायची. कोवळ्यातलं बी पेरलं तर उगवत नाही. बियाण्यासाठी एका झाडावर दोन-चार वांगी ठेवायची, ती पिवळीधम्मक होऊन मऊ पडेपर्यंत तोडायची नाहीत, आणि झाडाला लाल फडकं बांधायचं. लाल फडकं म्हणजे हात लावायचा नाही. आमच्या घरात हे कोंबड्यांना सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

तर पहिला वानवळा आला.

वानवळ्याचे नेम सगळ्यांना माहीत आहेत. घरची पहिली तोड, नवा पदार्थ शेजारी चाखायला धाडायचा. तो मागायचा नाही, आला तर नाकारायचा नाही, आणि आलेलं भांडं रिकामं परत द्यायचं नाही. एवढं सगळं जुन्या माणसांनी ठरवून ठेवलं, पण भांडं केवढं असावं हे कुणी ठरवलं नाही. जावेनं नेमकं तिथं बोट घातलं.

ती कुडाच्या फटीतून आत आली, दोन्ही हातांत भगुनं, वर फडकं झाकलेलं. मला वाटलं, शेजारच्या गावालाही पुरेल एवढं जेवण आहे. फडकं काढलं. तळाशी शेवग्याच्या दोन शेंगा होत्या.

"पयली तोड हाय," ती म्हणाली. "तुम्ही चाखल्याबिगर आम्हाला गोड लागंना."

ती गेली. मी एक वाटीभर मिरच्या घेऊन भगुन्यात टाकल्या. सासूबाई तेव्हा माझ्याकडं राहत होत्या. त्यांचा एक महिना इकडं, एक तिकडं. त्यांनी आत बघितलं.

"ह्या मिरच्या हरवल्या का ह्याच्यात?"

"तिनं दोन शेंगा दिल्या, आत्याबाई."

"तिच्याकडं शेवगाच हाय. तुझ्याकडं परसू हाय. भांड्याला शोभंल असं घाल. लोक म्हणतील, धाकटीच्या घरी पिकतंय पण निघत न्हाई."

लोक म्हणतील हे ऐकल्यावर माझा हात थांबत नाही, हे सासूबाईंना ठाऊक होतं. भगुनं गवारीनं भरून गेलं.

त्यानंतर ते येतच राहिलं. ओंजळभर बोरं. शेवग्याचा मूठभर फुलोरा. एकदा चार पापड, तेही भगुन्याच्या तळाशी गोल मांडून ठेवलेले, देवापुढं ठेवल्यासारखे. आणि दर वेळी माझ्या वाफ्यातलं भरभरून पलीकडं. अंबडच्या आडत्याला ज्या बाईनं पाणी पाजलं, तिच्या परसातून एक बाई बोरं देऊन भाजी उचलून नेत होती, आणि याला नाव वानवळा.

मी काही गप्प बसणारी नव्हते. आधी मी म्हणून पाहिलं की माझा वानवळा माझ्या वाटीतून येईल. वाटीतून चटणी धाडली. वाटी परत आली, त्यात दोन लसूणपाकळ्या, आणि निरोप, "वाटी मिळाली. भगुनं राहिलंय तुमच्याकडं." मग मला अंबाडी सुचली. अंबाडीची पानं अशी की मूठभर काड्यांत भांडं फुगतं. तोडायला फुकट, दिसायला डोंगर. मी भगुनं अंबाडीनं शिगोशिग भरलं आणि स्वतः नेऊन दिलं. त्या रात्री मला झोप चांगली लागली.

दुसऱ्या दिवशी भगुनं परत हजर. आत तळाला अंबाडीची भाजी, ज्वारीच्या कण्या घालून घोटलेली, वर लसणाची फोडणी. माझीच अंबाडी मला वानवळा म्हणून आली होती, आणि भांडं पुन्हा भरायचं माझ्याकडं लागलं होतं.

"झकास झालीय," मालक म्हणाले. भाकरीनं पुसून पुसून खात होते.

"माझी अंबाडी हाय ती."

"असंल. पण घोटली वहिनीनं."

माझे मालक वहिनीच्या कडेवर बसून मोठे झालेले. ती लग्न होऊन आली तेव्हा हे नागडे हिंडत होते. तिच्या हातचं काही समोर आलं की ह्यांना स्वतःची बायको ऐकू येत नसे.

पुढं दिवाळीच्या आधी जावेची म्हैस आटली. पलीकडं चारा नव्हता, म्हणून तिनं ती जाफराबादकडं भावाच्या दावणीला धाडून दिली. तेव्हापासून ताकही माझ्या गाईचं, माझ्या घरून जायला लागलं. कशातून गेलं ते विचारू नका. एवढ्या मोठ्या भगुन्यात ताक ओतताना आवाज असा यायचा की जणू विहिरीत बादली पडली.

मग माझ्या डोक्यात आलं की नेमातच वाट आहे. भांडं रिकामं द्यायचं नाही, बरोबर. पण भरायला काही नसेल तर भांडं द्यायचंच नाही. मी भगुनं ठेवून घेतलं. त्यात कांदे ठेवले. कुडापलीकडून आवाज आला की मी म्हणायची, "भरल्यावर देते बाई. तुमच्या भांड्याला शोभंल असं काही पिकंना अजून." आठवड्यामागून आठवडे भगुनं माझ्या चुलीमागं पडून. मी आमच्याकडच्या सगळ्या नेमांना पुरून उरले होते.

त्या साली वांग्यांवर आधीच एक संकट येऊन गेलं होतं. रोपासाठी बी टाकलं, कोंब आले, आणि जावेच्या कोंबड्यांनी कुडाखालून येऊन सगळा वाफा उकरला. मला शिल्लक ठेवलेलं सगळं बी पुन्हा टाकावं लागलं. मडक्यात राखेशिवाय काही उरलं नाही. मी मनात म्हटलं, हरकत नाही, हंगाम संपता संपता ताजं धरू. उन्हं वाढली तशी बाकीची झाडं मी उपटून सरपणात टाकली आणि एकच झाड ठेवलं, सगळ्यात देखणं. त्यावर तीन वांगी, रोज थोडी थोडी पिवळी होत चाललेली. लाल फडकं मी माझ्या हातानं बांधलं. त्या झाडाला मी भांडी धुतलेलं पाणी सुद्धा स्वतः नेऊन घालायची.

बाजारचा दिवस होता. मी सकाळच्या गाडीनं अंबडला गेले, दुपारी परत आले. टोपली ओट्यावर ठेवली आणि आधी परसात गेले, नेहमीसारखी. झाड उभं होतं. फडकं नव्हतं. वांगी नव्हती.

मालक ओट्यावर सुपारी कातरत होते.

"वांगी कुठं गेली?"

"कोणती?"

"पिवळी. फडक्यातली."

"ती व्हय," ते म्हणाले. "वहिनी आल्त्या भगुनं न्यायला. त्यांच्याकडं पाव्हणे येणार हायेत. मी म्हणलो, रिकामं कसं द्यायचं. घरात तर काहीच नव्हतं, तूच सगळं बाजारात नेल्तं. तर त्याच म्हणल्या, भावजी, काही बी चालंल, ते पिवळं पडलेलं वांगं टाका, म्हशीला तरी होईल. मंग दिली. वाया चालली होती."

मी खाली बसले. सासूबाई भिंतीला टेकून वाती वळत होत्या, त्या महिन्यात माझ्याकडंच होत्या. त्यांनी वर बघितलं नाही.

"फडकं बांधलेलं होतं," मी म्हणाले.

"ते बी दिलं. फडक्यासकट काढलं, हाताला काटे टोचू राह्यलते."

मी कुडापाशी गेले. काय बोलले ते लिहीत नाही. वडीगोद्रीच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसांनी ऐकलं, त्यांना विचारा. पलीकडून जाऊ शांतपणे म्हणाली, "अगं, मला काय माहीत बियाण्याची हायेत. पिवळी दिसली. म्हशीनं खाल्ली बी. आता तिच्या पोटातून काढू का?"

म्हशीच्या पोटात हात घालता येत नाही. मी परत आले.

पावसाळा लागला. माझ्या वाफ्यात मी बाजारातून आणलेली रोपं लावली. जांभळी, गोल, आतून कापसासारखी. कालवण केलं तर पाणी वेगळं, वांगं वेगळं. आणि एके सकाळी गवार तोडताना मी कुडाच्या फटीतून पलीकडं बघितलं. जावेच्या उकिरड्याच्या कडेला ओळीनं वांग्याची रोपं उभी होती. पानाच्या मागं काटे. मुरमात काही उगवत नाही म्हणून तिनं वर्षभर उकिरड्याचं खत पसरून जागा तयार केली होती. थोड्याच दिवसांत फळ धरलं. हिरवं अंग, पांढऱ्या रेघा.

मी सासूबाईंना हाताला धरून नेलं. त्यांचा मुक्काम आता तिकडं होता. मालकांना बोलावलं. न्याय आज, इथं, ह्या उकिरड्यावर.

"ही माझी वांगी हायेत," मी म्हणाले.

"असतील," जाऊ म्हणाली. "म्हशीनं खाल्ली, शेणातून बी आलं, शेण उकिरड्यावर पडलं, उगवलं. मी काय पेरायला गेल्ते का?"

"ओळीत उगवलं?"

"म्हैस ओळीत बसत आसंल."

मालकांनी हसू दाबायला तोंडात तंबाखू टाकली. सासूबाईंनी काठी टेकून झाडाकडं निरखून बघितलं, एक वांगं दाबून पाहिलं, आणि म्हणाल्या, "शेण तिच्या म्हशीचं. उकिरडा तिचा. उगवलं ते तिचंच म्हणावं लागंल. धाकटे, शेणात काय उगवावं ह्यावर कुणाचा हक्क चालत न्हाई."

न्याय ऐकून मी परत फिरले. शेणातून टोमॅटो, भोपळा, काशीफळ उगवताना मी स्वतः बघितलेलं आहे. आता वाचणाऱ्याला कळलं असेल की मी काय विसरले. मलाही कळायला हवं होतं. मी आणि माझा राग, आम्ही दोघं एका वेळी घरात मावत नाही. राग आला की माझं डोकं बाहेर जातं.

दसऱ्यानंतर जावेनं जन्मात पहिल्यांदा अंबडचा बाजार धरला. माझ्याच गाडीत बसली. मांडीवर भगुनं, त्यात वांगी. कंडक्टर आला.

"लगेज?"

"मांडीवर लेकरू हाय," जाऊ म्हणाली.

कंडक्टरनं माझ्या टोपलीकडं बघितलं, तिच्या भगुन्याकडं बघितलं. "दोघीचं एका वयाचं हाय का?"

"तिचं थोरलं हाय," मी म्हणाले, कारण गाडी माझ्याकडं बघत होती आणि हरायचं मला जमत नाही.

बाजारात ती माझ्याच शेजारी बसली. तिला भाव करायचा माहीत नव्हता. कुणी कमी मागितलं तर देऊन टाकायची, वर दोन वांगी जास्त घालायची आणि म्हणायची, चाखून बघा. चकचकीत पितळेच्या भांड्यात ती वांगी अशी दिसायची जशी देवळातली. माझ्या जुन्या गिऱ्हाइकिणी माझ्या टोपलीपुढून वळून तिच्यापुढं वाकल्या. एक तर मलाच म्हणाली, "ताई, तुमच्यासारखी वांगी ह्या बाईंकडं भेटली." ऊन चढायच्या आत भगुनं रिकामं. मी जांभळी वांगी परत घेऊन आले आणि आठवडाभर आमच्या घरात त्याचंच कालवण झालं. मालक दोन दिवस जेवले, तिसऱ्या दिवशी म्हणाले, वहिनीकडं जरा काम हाय.

मग थंडीत ती दुपार आली. मी वाफ्यात लसूण खुरपत होते. रस्त्याकडून घंटी वाजली. माझे थोरले दीर आणि जावेचा भाऊ चालत येत होते, आणि त्यांच्या पुढं एक म्हैस. काळी, कपाळावर पांढरा ठिपका, पोट दोन्ही बाजूंनी फुगलेलं. ती सरळ पलीकडच्या अंगणात गेली, खुंट्याशी उभी राहिली. जावेनं तिच्या पायावर पाणी घातलं, कपाळाला हळद-कुंकू लावलं.

माझ्या हातातलं खुरपं मातीत तसंच राहिलं.

"बाई," मी कुडाजवळ जाऊन म्हणाले, "ही म्हैस कुठून आली?"

"माझ्या माहेराहून. व्यायला झाली, म्हणून आणली."

"कवा गेल्ती?"

"आता तुला माहीत न्हाई का? गेल्या साली दिवाळीच्या आधी नव्हती का धाडली."

"मंग उन्हाळ्यात माझी वांगी कोणी खाल्ली?"

जावेनं हळदीचं बोट पदराला पुसलं.

"दुसऱ्या कुणाची तरी म्हैस आसंल. मोकाट येतात. आपण काय तिला तुझा मालक कोण म्हणून इचारतो?"

दीर आत निघून गेले. तिच्या भावाला अचानक तहान लागली. मी तिथून सासूबाईंकडं गेले. त्या तिच्या ओट्यावरच उन्हाला बसल्या होत्या.

"आत्याबाई, न्याय करताना तुम्हाला ठाऊक होतं, दावणीला म्हैस न्हाई."

"मी म्हातारी," त्या म्हणाल्या. "मला म्हैस काय, रेडा काय, कुठं दिसतंय नीट."

ह्याच बाईला तांदळातला खडा मी शिजवायच्या आधी चुलीपलीकडून दिसायचा. माझ्याकडच्या ताकाला पाणी किती पडलंय हे भगुन्यातल्या रंगावरून कळायचं.

रात्री मालक जेवायला बसले. मी भाकरी हातात धरून ठेवली.

"तुम्ही तिला पिवळी वांगी दिली तेव्हा म्हैस कुठं होती?"

"भाकर वाढ."

"रोज त्या दारावरून जाता. रिकामा खुंटा दिसत न्हाई?"

"अगं, खुंटा असला की मला वाटतं म्हैस असतीच," ते म्हणाले. "वाढ आता. गार होऊन राह्यली."

मी वाढली. पण तो चेहरा मी नीट बघितला होता. तो विसरलेल्या माणसाचा चेहरा नव्हता. अंबडच्या बाजारात पारड्याखाली चिंच चिकटवलेला आडता असाच दुसरीकडं बघतो.

म्हैस व्याली. चिकाचा खरवस भगुन्यातून आला, तळाला चौकोनी दोन वड्या. मी खाल्ला. खरवस खायचा नाही एवढा राग मला अजून कुणावर आलेला नाही. भगुनं मी कोथिंबिरीनं भरून दिलं.

आणि त्या उन्हाळ्यात, हंगाम संपल्यावर, जाऊ पुन्हा फटीतून आली. ह्या खेपेला ती बसली. गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "पयलं बी धरलंय. वानवळा." भगुन्यात मी डोकावले. तळाला एवढीशी पुरचुंडी होती. लाल फडक्याची. माझ्या जुन्या लुगड्याचा काठ, मी माझ्या हातानं फाडलेला, धुऊन वाळवून घडी घातलेला. आत चिमूटभर वांग्याचं बी.

"हे फडकं म्हशीनं खाल्लं न्हाई वाटतं," मी म्हणाले.

"फडकं कोणती म्हैस खाती?" जाऊ म्हणाली. मग उठता उठता म्हणाली, "ह्याच्या बदल्यात काय भरायचं ते तू ठरव. घाई न्हाई."

मी ठरवलं. जे माझंच होतं ते मला परत आलं, त्याला वानवळा म्हणत नाहीत. आणि वानवळा नसेल तर भांडं भरून देण्याचा नेम लागू होत नाही. भगुनं माझ्याकडं राहिलं. त्यात मी सणांची पुरणं शिजवली, दोन्ही घरांची, कारण सणाला पलीकडचे सगळे माझ्याकडंच जेवायला येतात आणि जाऊ डाळ घोटायला बसते. तिनं आजवर भगुनं परत मागितलं नाही. नुसतं जाता-येता म्हणते, "भरलं की सांग."

बी मी पेरलं. वांगी आली, तशीच, हिरवी, रेघांची. दोन्ही वाफ्यांत आली, दोन्ही घरं खातात. लोक म्हणतात, मग तुझं गेलं काय. मला हे विचारणाऱ्यांचा राग येतो. वांगी गेली नाहीत हे मलाही दिसतं. तीन माणसं मला फसवायला एक झाली आणि चौथी कुडाआड एकटी उभी राहिली, हे गेलं.

सासूबाई आता नाहीत, त्यांना मी सोडून दिलं. पण बाकी दोघं आहेत. एक पलीकडं शेवग्याखाली बाज टाकून बसते. दुसरे हे इथं, ओट्यावर, सुपारी कातरत. मी हे लिहिताना विचारलं तर म्हणाले, एवढं जुनं काढून काय मिळतं. मला काय मिळतं ते माझं मी बघेन. तुम्ही दोघं एकत्र या, कुडाच्या ह्या बाजूला किंवा त्या, मला चालेल, आणि माझ्यासमोर उभं राहून सांगा: त्या उन्हाळ्यात माझी वांगी ज्या म्हशीनं खाल्ली ती म्हैस कोणती होती, कुणाची होती, आणि कुठं बांधली होती. सांगितल्याशिवाय भगुनं मिळणार नाही.